लुकाचा नाद

समोर रुडी गोबेर उभा आहे. सात फूट एक इंच उंच. दोन्ही हात पसरले की अख्खी वाट बंद. अमेरिकेच्या एनबीए या बास्केटबॉल लीगमध्ये वर्षातला सर्वोत्तम बचावपटू म्हणून चार वेळा निवडला गेलेला माणूस. डॅलस मॅव्हरिक्सचा संघ १०६-१०८ असा दोन गुणांनी मागे. सामना संपायला मोजके सेकंद उरलेत. मैदान प्रतिस्पर्धी मिनेसोटाचं, म्हणजे सगळी गर्दी विरोधात आणि उभी राहून ओरडणारी. चेंडू लुका डॉन्चिचच्या हातात आहे. आणि हा पंचवीस वर्षांचा, गालांवरून अजून पोरगेलाच वाटणारा गडी काय करतो? शांतपणे टप्पे टाकत राहतो. एकदा पायांमधून चेंडू काढतो. आता आत घुसणार, असं खांद्यानं सांगतो. गोबेर मागे सरकतो, आणि त्याच क्षणी लुका स्वतः मागे उडी घेतो! दोघांच्या मध्ये एकाएकी मोकळी जागा तयार होते. कमानीबाहेरून चेंडू सुटतो आणि जाळीत पडतो. तीन गुण. १०९-१०८. घड्याळात तीन सेकंद.

हा सामना २४ मे २०२४ चा. मी तो पाहिला बराच नंतर, भाच्याच्या फोनवर. "मामा, हे बघा की, नाद खुळा हाय ह्यो," असं म्हणून त्यानं फोन माझ्या हातात दिला आणि मग कितीतरी वेळ तो परत मागत राहिला. मी देईना. पुन्हा लाव, म्हटलं. आता हळू करून लाव. आता फक्त पाय दाखव.

कारण ती हूल माझ्या ओळखीची होती!

इचलकरंजीत वाढलेल्या माणसाला खो-खो शिकवावा लागत नाही. मागांच्या खडखडाटासारखाच तो लहानपणापासून कानावर पडतो. संध्याकाळी मैदानावर पाणी मारलेलं असायचं, फक्कीच्या रेषा आखलेल्या असायच्या आणि आम्ही कडेला बसून पळतीचे खेळाडू बघायचो. पाहुण्या माणसाला वाटतं, खो-खो म्हणजे वेग. मैदानाच्या कडेला ज्यांचं बालपण गेलं त्यांना विचारा. पाठलाग करणाऱ्यानं एकदा दिशा धरली की खांब ओलांडेपर्यंत त्याला उलटं फिरता येत नाही, मधली पाटी ओलांडता येत नाही. पळणाऱ्याला मात्र दोन्ही मोकळं. त्यामुळे जो नुसता जोरात पळतो तो थोड्या वेळात धापा टाकतो आणि बाद होतो. मैदानावर टिकतो तो थांबणारा. अंगावर आलेल्या गड्याच्या खांद्याकडे बघत, शेवटच्या क्षणापर्यंत जागा न सोडता, मग एक झुकाव, एक अर्धवट पाऊल, आणि समोरचा आपल्याच वेगानं पुढे निघून गेलेला. आमच्याकडे अशा पळतीला टाळ्या पडतात. साखळी, म्हणजे बसलेल्या गड्यांमधून नागमोडी, पळणाऱ्या चांगल्या खेळाडूचं तोंड बघावं, तिथं घाई कधी दिसत नाही.

आणि इथं, पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला, लाकडी फरशीवर, सहा फूट आठ इंचांचा एक युरोपियन गडी नेमकं हेच करत होता. बास्केटबॉलमध्येही पायांना नियमांनी बांधलेलं असतं. टप्पा थांबवला की मोजकी दोन पावलं मिळतात, त्यापुढे एक पाय जमिनीला रोवून फक्त फिरता येतं. चोवीस सेकंदांच्या आत चेंडू टाकावा लागतो. एवढ्या बंधनात मोकळी जागा शोधायची असेल तर ती समोरच्याच्या तोलातूनच काढावी लागते. लुका तेच करतो. तो फार उंच उडत नाही. सपाट धावण्यात लीगमधले कितीतरी जण त्याला सहज मागे टाकतील. पण पळता पळता एकदम थांबणं, तेही स्वतःचा तोल राखून आणि समोरच्याचा घालवून, यात त्याचा हात धरणारा मला अजून दिसलेला नाही. बचाव करणारा खेळाडू त्याच्या पाठीला चिकटलेला असतो, लुका मध्येच मंद होतो, त्याला पाठीवरच ठेवतो, पुढच्या उंच गड्याला निर्णय घ्यायला लावतो, आणि त्यानं निर्णय घेतला की नेमकं त्याच्या उलट करतो. मंदपणा हे एवढं मोठं हत्यार असू शकतं, हे दाखवणारा खेळाडू जगातल्या सगळ्यात वेगवान लीगमध्ये असावा, याचा आनंद मला अजून पेलत नाही.

मग काय! त्याच्याविषयी मिळेल ते सगळं शोधत सुटलो.

लुका स्लोव्हेनियाचा. जन्म २८ फेब्रुवारी १९९९, राजधानी ल्युब्लियानामध्ये. स्लोव्हेनियाची लोकसंख्या सुमारे एकवीस लाख. आपल्या कोल्हापूर जिल्ह्याची २०११ च्या जनगणनेत अडतीस लाखांच्या पुढे होती. म्हणजे आपल्या एका जिल्ह्याच्या जेमतेम निम्म्याहून थोडा मोठा देश! हे वाचलं आणि मी खुर्चीतून उठून उभाच राहिलो. एवढ्याशा देशातून जगातल्या पहिल्या पाचांत गणला जाणारा खेळाडू येतो.

त्याचे वडील साशा डॉन्चिच स्वतः व्यावसायिक बास्केटबॉल खेळाडू. २००७ मध्ये ते ल्युब्लियानाच्या ऑलिंपिया क्लबकडून खेळायला लागले आणि आठ वर्षांचा लुका क्लबच्या सरावाला जाऊ लागला. पहिल्याच सरावात प्रशिक्षकांनी काही मिनिटं त्याला बरोबरीच्या मुलांत खेळताना पाहिलं आणि थेट अकरा वर्षांच्या मुलांच्या गटात नेऊन बसवलं. त्या वयात तीन वर्षांचं अंतर म्हणजे केवढं, हे शाळेच्या मैदानावर वरच्या इयत्तेच्या पोरांशी भिडलेल्या कुणालाही ठाऊक आहे. मला वाटतं, त्याच्या खेळातल्या मंदपणाचं मूळ इथंच कुठंतरी असावं. आपल्यापेक्षा उंच आणि वेगवान मुलांमध्येच कायम खेळायचं असेल तर पायांच्या आधी डोकं पळवायला शिकावं लागतं. हा माझा अंदाज, पण त्याचे जुने, धूसर व्हिडिओ पाहिल्यावर तो पक्का होत जातो. २०१२ मध्ये रोममधल्या एका मुलांच्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात त्यानं लाझिओविरुद्ध एकट्यानं ५४ गुण केले. वय वर्षं तेरा.

त्याच वर्षी स्पेनच्या रेआल माद्रिदनं त्याला करारबद्ध केलं. फुटबॉलमुळे हे नाव आपल्याकडे घराघरांत माहीत आहे, पण त्याच क्लबचा बास्केटबॉल संघ युरोपातला सर्वांत यशस्वी संघ आहे. तेरा वर्षांचा मुलगा आई, मित्र आणि भाषा मागे ठेवून माद्रिदला गेला. तिथली स्पॅनिश त्याला येत नव्हती. आपल्या भागातून क्रीडा प्रबोधिनीत निवड होऊन बाहेरगावी गेलेली पोरं मी पाहिलेली आहेत. एसटीच्या खिडकीतून हात हलवणारं पोरगं आणि खाली उभी राहिलेली आई, दोघांनीही रडायचं नाही असं ठरवलेलं असतं. ती पोरं जातात ते गाव तरी त्यांच्याच भाषेतलं असतं. लुका परक्या देशात, परक्या भाषेत राहिला, शिकला आणि खेळला.

३० एप्रिल २०१५ रोजी तो रेआल माद्रिदच्या मुख्य संघाकडून स्पॅनिश लीगमध्ये उतरला. वय सोळा वर्षं, दोन महिने, दोन दिवस. त्या क्लबच्या लीगमधल्या इतिहासात एवढ्या लहान वयात कुणी उतरलं नव्हतं. पहिलाच चेंडू त्यानं तीन गुणांच्या कमानीबाहेरून टाकला आणि तो आत गेला. सोळाव्या वर्षी त्याच्या आजूबाजूला बायकापोरं असलेले, तिशी ओलांडलेले गडी होते, आणि हा पोरगा त्यांच्यात शाळा सुटल्यावर खेळायला आल्यासारखा हसत खेळत होता! त्याचा आदर्श ग्रीसचा वासिलिस स्पानुलिस. तो ७ क्रमांकाची जर्सी घालायचा, म्हणून लुकानंही माद्रिदमध्ये ७ घेतला. पुढे डॅलसमध्ये तो क्रमांक दुसऱ्याकडे असल्यामुळे त्यानं दोन सात जोडून ७७ केला. आज जगभरची पोरं जी ७७ क्रमांकाची जर्सी घालून फिरतात, तिच्यामागे एका मुलाचं आपल्या आवडत्या खेळाडूवरचं प्रेम आहे.

सप्टेंबर २०१७. इस्तंबूल. युरोपियन अजिंक्यपद स्पर्धा. स्लोव्हेनिया एकही सामना न हरता अंतिम फेरीत आला आणि तिथं सर्बियाला ९३-८५ असं हरवून विजेता झाला. स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला संघाचा अनुभवी कर्णधार गोरान ड्रागिच, अंतिम सामन्यात ३५ गुण करणारा. अठरा वर्षांचा लुका स्पर्धेच्या सर्वोत्तम पाच खेळाडूंत निवडला गेला. अंतिम सामन्यात तिसऱ्या भागात घोटा दुखावल्यामुळे त्याला बाहेर बसावं लागलं. बाकावरून तो ज्या तऱ्हेनं प्रत्येक गुणाला उठतो, ओरडतो, डोक्याला हात लावतो, ते मी गुणांइतकंच प्रेमानं पाहतो. कोल्हापूर जिल्ह्याच्या निम्म्या वस्तीचा देश, आणि युरोपचा राजा!

पुढच्याच वर्षी, मे २०१८ मध्ये बेलग्रेडला रेआल माद्रिदनं फेनरबाचेला ८५-८० असं हरवून युरोलीग जिंकली. युरोलीग म्हणजे युरोपातल्या क्लबांची सर्वांत मोठी स्पर्धा. त्या मोसमाचा सर्वोत्तम खेळाडू लुका, अंतिम टप्प्याचा सर्वोत्तम खेळाडूही लुका. एकोणीस वर्षांचा! युरोपात जिंकण्यासारखं त्याच्यासाठी काही उरलंच नव्हतं.

आणि तरीही अमेरिकेला खात्री पटली नव्हती. जून २०१८ मध्ये एनबीएच्या संघांनी नवे खेळाडू निवडले तेव्हा पहिल्या दोन संघांनी दुसऱ्यांना घेतलं. तिसऱ्या क्रमांकावर अटलांटानं लुकाला निवडलं आणि त्याच रात्री डॅलसला देऊन टाकलं. बदल्यात घेतला ट्रे यंग आणि पुढच्या वर्षातली एक निवड. आक्षेप तेच: वेग कमी, उडी कमी. पण डॅलसकडे वीस वर्षांपासून एक युरोपियन होता, जर्मनीचा डर्क नोवित्स्की. तो एकाच संघाकडून एकवीस मोसम खेळला, आणि त्याचा शेवटचा मोसम हाच लुकाचा पहिला. एकानं जागा रिकामी केली आणि दुसरा तिथं बसला. लुका त्या वर्षीचा सर्वोत्तम नवोदित ठरला.

याच डॅलसनं तीन वर्षं आधी, २०१५ मध्ये, पंजाबातल्या बल्लो के गावच्या सतनाम सिंगला निवडलं होतं. एनबीएमध्ये निवड झालेला तो पहिला भारतीय. तोही चौदाव्या वर्षी घर सोडून फ्लोरिडाला गेला होता. सतनामला एनबीएचा एकही सामना खेळायला मिळाला नाही, पण त्याचं नाव पुकारलं गेलं तो क्षण मी शोधून पाहिला आणि छाती भरून आली. आपल्या पुण्याची शिरीन लिमये भारताच्या महिला संघाची कर्णधार झाली, तेही मला या शोधाशोधीतच कळलं. लुकाच्या मागे लागलो आणि एक अख्खा खेळ घरात शिरला.

आता मला सगळ्यात आवडणारा सामना. २७ डिसेंबर २०२२, डॅलस विरुद्ध न्यूयॉर्क. सामन्याची जेमतेम तेहतीस सेकंदं उरलेली असताना डॅलस नऊ गुणांनी मागे होता. प्रेक्षक उठून जायला लागलेले. तिथून डॅलसनं गुण भरून काढत आणले. शेवटी चार सेकंद उरले असताना लुका फ्री थ्रोच्या रेषेवर उभा. दोन फेकी. पहिली आत गेली. अजून दोन गुण हवेत आणि हातात फेक एकच, तिचा गुण एकच! मग त्यानं काय करावं? दुसरी फेक मुद्दाम चुकवली. चेंडू कड्यावर आपटून उडाला, झोंबाझोंबी झाली, आणि त्या हातांच्या जंगलातून चेंडू लुकाच्याच हातात आला. त्यानं तो तिथल्या तिथं वर फेकला. आत! बरोबरी! एक सेकंद शिल्लक. जादा वेळेत डॅलस १२६-१२१ असा जिंकला. लुकाचे गुण ६०, रिबाउंड (चुकलेल्या फेकीचे पकडलेले चेंडू) २१, असिस्ट (सहकाऱ्याला गुण मिळवून देणारे पास) १०. एनबीएच्या इतिहासात एका सामन्यात हे तिन्ही आकडे एकत्र आधी कुणीही गाठले नव्हते. फेक चुकवायची, पण कशी चुकवायची, चेंडू कड्याच्या कुठल्या बाजूला मारायचा, तो कुठं उडेल, हे त्या गोंगाटात, थकलेल्या पायांवर ठरवणारं डोकं कसलं असेल! मी हा तुकडा शेजारच्या सायझिंग कारखान्यातल्या लोकांना दाखवला. बास्केटबॉलचा एकही नियम माहीत नसलेली माणसं सुताचे बीम बाजूला ठेवून फोनभोवती जमली आणि बरोबरी झाली तेव्हा एकदम ओरडली.

२६ जानेवारी २०२४ रोजी अटलांटाविरुद्ध, म्हणजे ज्यांनी त्याला निवडून देऊन टाकलं त्यांच्याच मैदानावर, त्यानं ७३ गुण केले. ३३ फेकींपैकी २५ आत. या आकड्याची चर्चा फार होते आणि ती व्हावीच. पण माझं मन गुणांपेक्षा त्याच्या पासांवर जास्त जडलं आहे. टोकियो ऑलिंपिकचा उपान्त्य सामना पाहा. स्लोव्हेनियाचा पुरुष बास्केटबॉल संघ पहिल्यांदाच ऑलिंपिकला गेलेला. फ्रान्सविरुद्ध लुकाचे गुण फक्त १६, पण असिस्ट १८ आणि रिबाउंड १०. त्याच स्पर्धेत अर्जेंटिनाविरुद्ध ४८ गुण करणारा हाच गडी. पण फ्रान्सनं दोघं-दोघं अंगावर घातल्यावर त्यानं हट्ट केला नाही, चेंडू वाटत राहिला. न बघता, डोक्यामागून, टप्पा देऊन, अख्ख्या मैदानाच्या पलीकडे. समोरचे त्याच्याकडे बघत राहायचे आणि चेंडू दुसऱ्याच कोपऱ्यात पोचलेला असायचा. शेवटच्या क्षणी क्लेमेन प्रेपेलिचची फेक निकोला बातूमनं हवेत अडवली आणि स्लोव्हेनिया ८९-९० असा हरला. एका गुणानं! तो सामना संपल्यावर मी फोन खाली ठेवला आणि बराच वेळ कुणाशी बोलावंसं वाटलं नाही. केव्हाच संपलेला सामना, निकाल आधीच माहीत, तरीही.

२०२४ मध्ये, गोबेरवरच्या त्या फेकीनंतर, डॅलस एनबीएच्या अंतिम फेरीत गेला आणि बॉस्टनकडून १-४ असा हरला. त्या मोसमात सामन्यामागे सरासरी ३३.९ गुण करून लुका लीगमध्ये पहिला आला होता. आणि पुढच्या फेब्रुवारीत डॅलसनं त्याला लॉस एंजेलिस लेकर्सला देऊन टाकलं! अँथनी डेव्हिसच्या बदल्यात. अमेरिकेत रात्र असताना बातमी फुटली आणि बातमी देणाऱ्याचं खातं कुणीतरी चोरलं असावं, असंच अनेकांना वाटलं. बचावानंच विजेतेपद मिळतं, असं व्यवस्थापनाचं म्हणणं होतं. त्याच्या तब्येतीबद्दलही कुरकुर होती. मला हा हिशेब मुळीच पटत नाही. पंचवीस वर्षांचा, आठ महिन्यांपूर्वी तुम्हाला अंतिम फेरीत नेणारा गडी कुणी सोडतं का? डॅलसचे लोक स्टेडियमबाहेर जमले, त्यांनी तिथं प्रतीकात्मक शवपेटीही आणली. मला ते तंतोतंत समजतं. कोल्हापुरात पेठांच्या फुटबॉलसाठी जीव टाकणारी माणसं बघत आपण वाढलो आहोत.

९ एप्रिल २०२५ रोजी तो लेकर्सच्या जर्सीत डॅलसला परतला. सामन्याआधी त्याच्या सात वर्षांची चित्रफीत दाखवली. लुका बाकावर बसून रडत होता, टॉवेलनं डोळे पुसत होता. आणि मग उठून त्यानं ४५ गुण केले. लेकर्स ११२-९७ नं जिंकले. घरच्या लोकांनी विरोधी जर्सीतल्या माणसासाठी टाळ्या वाजवल्या.

लेकर्स हा महान खेळाडू कोबी ब्रायंटचा संघ. डिसेंबर २०१९ मध्ये लॉस एंजेलिसला लुका कडेच्या रेषेवर चेंडू हातात घेऊन उभा असताना मागून कुणीतरी त्याला स्लोव्हेनियन भाषेत डिवचलं. त्यानं चमकून वळून पाहिलं तर मुलीला घेऊन सामना बघायला आलेला कोबी! स्लोव्हेनियाच्या एका जुन्या सहकाऱ्याकडून तो त्या भाषेतलं थोडंफार शिकला होता. महिनाभरात, २६ जानेवारी २०२० रोजी, हेलिकॉप्टर अपघातात कोबी आणि ती मुलगी दोघंही गेली. लुकानं ७३ गुण केले ती तारीखही २६ जानेवारीच.

ज्यांना हे सगळं नवं आहे त्यांना माझं कळकळीचं सांगणं, आधी न्यूयॉर्कचा सामना पाहा, शेवटच्या पाच मिनिटांपासून. मग टोकियोचा फ्रान्सविरुद्धचा, पूर्ण. मग इस्तंबूल. गोबेरवरची फेक त्यानंतर, आणि तेव्हा चेंडूकडे बघू नका, दोघांच्या पायांकडे बघा. मोसम चालू असताना सामने आपल्याकडे पहाटे ते सकाळच्या वेळेत लागतात. लेकर्सशी त्यानं ऑगस्ट २०२५ मध्ये तीन वर्षांचा नवा करार केला आहे, त्यामुळे अजून भरपूर सकाळी हाताशी आहेत. भाचा गजर लावतो. मी त्याच्या आधीच उठलेला असतो.